फाटकावरच्या सुब्बाला परत घेण्याबाबत

प्रति,
मा. संपदा अधिकारी,
वेप्पमरम केंद्रीय कर्मचारी वसाहत,
नुंगंबाक्कम, चेन्नई.

अर्जदार : के. मुरली राव, वय ७१, निवृत्त मेल-एक्सप्रेस गार्ड, राहणार ब्लॉक क, निवास क्र. ७, पहिला मजला. (निवास सूनबाई सौ. जयवंती प्राणेश राव, वरिष्ठ लिपिक, यांच्या नावे.)

विषय : दुपारपाळीचे पहारेकरी श्री. सुब्बा यांस फाटकावर परत घेणे. ते अगदीच जमत नसल्यास निदान खुर्ची परत ठेवणे.

संदर्भ : १) आपले ज्ञापन दि. १४ नोव्हेंबर २०२५.
२) अर्जदाराचा तमिळ अर्ज दि. १७ नोव्हेंबर.
३) अर्जदाराचा इंग्रजी अर्ज दि. २१ नोव्हेंबर.
४) आपल्या कार्यालयाचे उत्तर दि. २७ नोव्हेंबर (दिव्याविषयी).

महोदय,

१. अर्जदाराचा हा तिसरा अर्ज आहे. पहिला तमिळमध्ये होता, त्याची पोच मिळाली. दुसरा इंग्रजीत होता, त्याला उत्तर मिळाले. उत्तरात क ब्लॉकसमोरचा दिवा दुरुस्त केल्याचे व तक्रार निकाली काढल्याचे कळवले आहे. दिव्याबद्दल अर्जदार आभारी आहे, पण दिव्याची तक्रार त्याने केलेली नव्हती. गेल्या गणपतीत वसाहतीच्या मांडवात आपण म्हणाला होता की अमरावती सोडल्यापासून कागदावर मराठी वाचायला मिळत नाही. अर्जदाराने ते मनावर घेतले आहे. त्याचे मराठी तंजावरकडचे, घरात बोलायचे. सरकारी कागदाला ते चालणार नाही, म्हणून हा अर्ज तो सांगतो आहे आणि मूळच्या मिरजेच्या असलेल्या सूनबाई लिहून काढत आहेत. शिवाय मोतीबिंदूच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्यास लिहिण्यावाचण्याची मनाई केली आहे. बोलण्याची मनाई केलेली नाही, हे लिहिणारी गेले तीन दिवस अनुभवते आहे.

२. अर्जदाराने रेल्वेत छत्तीस वर्षे गार्डाची नोकरी केली. गाडी ड्रायव्हर चालवतो असा सर्वसाधारण समज आहे. शेवटच्या डब्यातून गार्डाने हिरवे निशाण दाखवल्याखेरीज ती गाडी जागची हलत नाही, ही गोष्ट प्रवाशांना ठाऊक नसते आणि नातेवाइकांना सांगितली तरी पटत नाही. अर्जदाराच्या सख्ख्या मेव्हण्याने भर लग्नात त्यास, तुम्ही सिक्युरिटीत होता ना, असे विचारले होते. अलीकडे रेल्वेने गार्ड हे नावही काढून टाकले असून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. नाव काहीही ठेवा. सर्वांच्या मागे उभे राहायचे आणि कोणी खाली राहिले नाही ना ते पाहायचे, एवढेच ते काम आहे. हे येथे सांगण्याचे कारण असे की सुब्बा यांच्या कामाकडे अर्जदार ह्याच नजरेने पाहतो आणि आपले कार्यालय कोणत्या नजरेने पाहते ते त्यास अद्याप समजलेले नाही.

३. अर्जदाराची पत्नी सौ. अंबुजा, वय ६८, यांना चार वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. आजचा वार त्यांना सांगता येत नाही. नवरा ड्यूटीवर गेला आहे आणि त्याची गाडी यायची वेळ झाली आहे, एवढे मात्र पक्के ठाऊक असते. नवरा समोर आरामखुर्चीत बसलेला असला तरी त्यात फरक पडत नाही. त्याला त्या कॉफी देतात आणि राव येईपर्यंत थांबणार का, असे अदबीने विचारतात. मग कापडी पिशवीत दहीभाताचा डबा घालून स्टेशनावर जायला निघतात. पहिल्या वर्षी दाराला बाहेरून कडी लावून पाहिली. तासाभराने दार उघडले तेव्हा त्यांचे दोन्ही तळहात सुजलेले होते. त्या दिवसापासून ह्या घराच्या दाराला दिवसा कडी लागलेली नाही आणि पुढेही लागणार नाही. अर्जदाराचे गुडघे जिना उतरेपर्यंत बाई फाटकाशी पोचलेल्या असतात. त्यांना थांबवील अशी जागा ह्या वसाहतीत एकच होती, ती म्हणजे फाटक, आणि माणूसही एकच, सुब्बा.

४. सुब्बा मूळचे कुंभकोणमकडचे, वय ५९, चौदा वर्षे आपल्या फाटकावर. कागदावर ते सुरक्षारक्षक होते. कोणापासून कोणाची सुरक्षा, हे कागदावर लिहिलेले नाही. प्रत्यक्षात त्यांच्या टेबलाच्या खणात अकरा घरांच्या किल्ल्या असत, कारण अकरा घरांतल्या बायका नोकरीला जातात. अ ब्लॉकमधल्या एकट्या राहणाऱ्या विद्यालक्ष्मी टीचरची दुधाची पिशवी दुपारी पाळीवर येतानाही दाराबाहेरच दिसली तर ते वर जाऊन बेल वाजवीत. एकदा बेलला उत्तर आले नाही, तेव्हा त्यांनीच रुग्णवाहिका बोलावली आणि टीचर आज हिंडत्याफिरत्या आहेत. चोर त्यांनी चौदा वर्षांत एकही पकडला नाही. आपल्या कार्यालयाच्या गुणपत्रकात ह्या एकाच रकान्यात त्यांना शून्य मिळाले आहे.

अंबुजाबाईंना थांबवण्याची सुब्बांची रीत अशी होती. हात धरायचा नाही, आडवे यायचे नाही. आपल्या टेबलाशेजारची निळी प्लास्टिकची खुर्ची पुढे करायची आणि म्हणायचे, 'वण्डि लेट, उक्कारुंगम्मा', म्हणजे गाडीला उशीर आहे, बसा. गाडीला उशीर आहे हे रेल्वेवाल्याच्या बायकोला पटवावे लागत नाही. त्या बसत. अर्ध्या तासाने सुब्बा सांगत की राव सार पुढच्या गाडीने येत आहेत, घरी निरोप आहे. की बाई उठून परत येत. असे आठवड्यातून चारपाच वेळा, तीन वर्षे चालले होते आणि कोणाच्याही कामात खोळंबा झाला नव्हता.

५. ह्या कामी अर्जदाराने व सुब्बांनी निशाणांची एक पद्धत ठरवली होती. नोकरीतली निशाणे निवृत्तीच्या दिवशी जमा करावी लागतात. ती जमा करून अर्जदार हिरमुसला होऊन घरी आला, तेव्हा अंबुजाबाईंनी, त्या वेळी त्यांना सर्व आठवत होते, आपल्या जुन्या लाल सुती साडीतून आणि एका हिरव्या ब्लाउजपिसातून दोन नवी निशाणे शिवून दिली. तीच ही निशाणे. बाई घरात असल्या की क-७ च्या बाल्कनीत हिरवे. बाई निघाल्या किंवा दिसत नाहीत, की लाल. सुब्बा खालून हात वर करून पाहिल्याची खूण देत. खूण मिळाल्याशिवाय अर्जदार बाल्कनीतून हलत नसे. रेल्वेचा एक नियमही त्याने सुब्बांना शिकवला होता: निशाण नीट दिसत नसेल, शंका असेल, तर ते लालच आहे असे समजून वागायचे. ह्या नियमावर अर्जदाराने छत्तीस वर्षे माणसे सुखरूप घरी पोचवली आहेत.

६. आता दि. १२ नोव्हेंबरविषयी. चार दिवसांच्या पावसानंतर त्या दिवशी ऊन पडले होते. दर्शनी बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत, ह्या परिपत्रकाचा भंग कोण करतो ते पाहण्यासाठी आपण दुपारी पूर्वसूचना न देता आला होता. सुब्बा दोन वाजता पाळीवर आले. सकाळपाळीचा माणूस निघून गेला होता. त्यांनी सवयीने वर पाहिले तर क-७ वर लाल. घरी फोन लावला. अर्जदार डोळ्यांत औषध घालून पडलेला होता आणि फोन पलीकडच्या खोलीत वाजत राहिला. पाळी बदलण्याच्या गडबडीत बाई बाहेर पडल्या असे सुब्बांनी धरले आणि दोन वाजून सात मिनिटांनी ते नुंगंबाक्कम स्टेशनाकडे धावत सुटले. दोन्ही फलाट, पूल, एकूण एक बाकडे त्यांनी पाहिले.

बाई त्या वेळी घरात झोपल्या होत्या. सव्वादोनला उठल्या, डबा घेतला आणि खाली गेल्या. फाटकाशी त्यांना गाडी उशिरा आहे असे सांगायला कोणी नव्हते, तेव्हा त्या आपल्या आपणच खुर्चीवर बसल्या. दोन वीसला आपली गाडी आली. पुढचा प्रकार आपणास ठाऊक आहे, परंतु अर्जात सर्व हकिगत यावी असा नियम असल्याने लिहितो. आपल्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाईंनी फाटकाच्या दांड्याची दोरी हाती घेतली आणि आपणास कळवले की 'सिग्नल पडलं नाही, बैसा.' आपण आपला हुद्दा सांगितला. त्यांनी आपणास दहीभात देऊ केला. जन्मभर गार्डाचा संसार केलेल्या बाईच्या हातून ती दोरी सोडवून घेणे ड्रायव्हरला जमले नाही. एकवीस मिनिटे आपण फाटकाबाहेर उभे होता. तेवढ्या वेळात तिन्ही ब्लॉकमधले झाडून सगळे कपडे आत गेले, ही गोष्ट वसाहतीत अजून हसत हसत सांगितली जाते. अर्जदार हसलेला नाही.

७. दि. १४ रोजी आपले ज्ञापन निघाले आणि त्याच दिवशी रक्षक पुरवणाऱ्या एजन्सीने सुब्बांचा गणवेश काढून घेतला. ज्ञापनात चार ठपके आहेत. चौतीस मिनिटे जागा सोडली. फाटक एका अनधिकृत वृद्धेच्या ताब्यात गेले व तिने अधिकाऱ्यास खाद्यपदार्थ देऊ केला. परत आल्यावर अधिकारी समोर असूनही सलाम केला नाही, उलट सदर वृद्धेपाशी जमिनीवर बसून रडला. आणि चौथा ठपका, ज्यामुळे नोकरी गेली: लाल निशाण दिसल्याचा खुलासा खोटा आहे, कारण पाहणीत क-७ च्या बाल्कनीत निशाण आढळले नाही, दोन चिमटे लावून वाळत घातलेले एक लाल कापड आढळले.

पहिले दोन ठपके खरे आहेत. तिसराही खरा आहे. पण साहेब, चौतीस मिनिटे ज्या माणसाला हुडकले ते माणूस आपल्याच खुर्चीवर डबा घेऊन बसलेले दिसल्यावर कोणालाही आधी सलाम आठवला नसता. सुब्बांना रडू आले त्यात अर्जदारास अपमान दिसत नाही. कोणाचाच दिसत नाही.

८. चौथा ठपका मात्र खरा नाही. ते कापड म्हणजेच निशाण होय. त्या दिवशी सकाळी अर्जदाराने स्वतः काठी बदलण्यासाठी ते काठीतून काढले, स्वतः बाल्कनीत ठेवले आणि वाऱ्याने उडू नये म्हणून स्वतः चिमटे लावले. नंतर डोळ्यांच्या औषधाची वेळ झाली आणि तो ते तेथेच विसरला. सबब ते वाळत घातलेले कापड नव्हते, परिपत्रकाचा भंग झालेला नाही, आणि चूक असेल ती एकट्या अर्जदाराची आहे. हा परिच्छेद अर्जदाराने लिहिणारीकडून तीनदा लिहून घेतला आहे.

९. सुब्बा गेल्यापासून फाटकावर दर आठ दिवसांनी नवे माणूस असते. त्यांची नावे विचारून ठेवावीत तोवर ती बदलतात. चेहरा ओळखणारे एक यंत्र बसवले असून रक्षकाने यंत्राच्या पडद्याकडे पाहायचे असते. खुर्ची काढून टाकली आहे. विचारले तेव्हा एजन्सीचा सुपरवायझर म्हणाला की फाटकावर रहिवाशांनी बसणे नियमात नाही, आणि रहिवासी बाहेर जात असेल तर त्याला अडवणेही नियमात नाही. यंत्र अंबुजाबाईंचा चेहरा ओळखते. ह्या वसाहतीत त्यांना विनाचूक ओळखणारे आता तेच आहे. ओळख पटली की ते हिरवा दिवा लावते आणि थँक यू म्हणते. बाईंनी जन्मभर हिरव्याचा एकच अर्थ ऐकला आहे. त्या निघतात.

तीन आठवड्यांत त्या तीनदा गेल्या. पहिल्या वेळी कोपऱ्यावरच्या फळवाल्याने ओळखून परत आणले. दुसऱ्या वेळी स्टेशनाच्या बाकावर सापडल्या. तिसऱ्या वेळी, दि. ४ डिसेंबरला, पाच तास सापडल्याच नाहीत. अर्जदाराचा मुलगा प्राणेश पेरुंगुडीहून ऑफिस टाकून आला, सून आली, पोलिसात फोटो दिला. अर्जदार फाटकाशी उभा राहिला, कारण दुसरे काय करावे ते त्यास सुचत नव्हते. संध्याकाळी पाचला एन्नोरहून फोन आला. चेन्नई बीच स्टेशनावर गाडी बदलून त्या एवढ्या लांब गेल्या होत्या. पायांत चपला नव्हत्या आणि पावले तिथल्या वीजकेंद्राच्या राखेने घोट्यापर्यंत काळी झाली होती.

एन्नोरला त्या फलाटाच्या अगदी टोकाला, जेथे शेवटचा डबा येतो तेथे, हिरवा पदर हातात धरून तो हात लांब करून उभ्या होत्या. त्या लोकलच्या गार्ड कु. हरिप्रिया, वय सुमारे सव्वीस, यांनी ते पाहिले. गाडी सुटायची वेळ झाली होती. समोर कोणी निशाणासारखे काही दाखवत असताना गाडी सोडायची नाही, एवढ्यासाठी त्या खाली उतरल्या आणि आजी कोणाला न्यायला आलात, असे विचारले. बाई म्हणाल्या, 'यजमान ह्याच गाडीला मागं असतात.' तेवढ्यावरून ह्या मुलीने ओळखले की हे कोणा गार्डाचे माणूस आहे. गाडी दोन मिनिटे उशिरा सुटली. बाईंना पुढे कोणत्या डब्यात बसवून आणले, तो भाग नियमात बसत नसल्याने अर्जातून वगळला आहे. अर्जदाराने फोनवर त्या मुलीचे आभार मानायचे सोडून गाडी किती मिनिटे उशिरा सुटली तेच विचारले. छत्तीस वर्षांत त्याच्याकडून एक गाडी दोन मिनिटे उशिरा गेली असती तर त्याने तिघांना जाब विचारला असता.

१०. आपली भेट घेण्यासाठी अर्जदार दोनदा कार्यालयात आला. आपल्या दारावरच्या गार्डाने भेटीची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी तीन नंबरच्या खिडकीवर मिळते आणि ती खिडकी दाराच्या आत आहे. चिठ्ठीशिवाय आत जाता येत नाही. अर्जदाराने ही गोष्ट त्या गार्डास समजावून सांगितली, त्यालाही ती पटली, पण पटून उपयोग नव्हता. सुमारे तासभर दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. शेवटी अर्जदाराच्या डोळ्यावरची पट्टी पाहून तो गार्ड स्वतःच आत चिठ्ठी आणायला गेला. त्या चार मिनिटांत आपल्या कार्यालयाच्या दारावर कोणीही नव्हते. अर्जदार तेथे उभा राहिला आणि आलेल्या दोघांना थांबवून ठेवले. त्या गार्डाचे नाव अर्जदार सांगणार नाही, ज्ञापनाची प्रत पाठवली तरी सांगणार नाही. चिठ्ठी मिळाली, आपण दौऱ्यावर होता.

ह्या तीन आठवड्यांत अर्जदाराने जागोजागचे गार्ड नीट पाहिले, कारण थांबून राहण्याखेरीज त्यास काम नव्हते. पेन्शनच्या बँकेतला गार्ड लांब बंदूक खांद्याला लावून म्हाताऱ्यांना पैसे काढायच्या चिठ्ठ्या भरून देतो. डोळ्यांच्या दवाखान्यातला गार्ड आत किती नातेवाईक सोडायचे ते ठरवतो आणि रडणाऱ्यांना मोजत नाही. बागेतला गार्ड हिरवळीवर बसणाऱ्यांना शिट्टी मारतो, पण एक बाई रोज एकाच बाकावर एकटी बसते, तिच्याकडे पाठ करून उभा राहतो. कोपऱ्यावरच्या शाळेतल्या गार्डाला कोणत्या मुलीला न्यायला कोण येते ते तोंडपाठ आहे आणि चुलत मामा म्हणवणाऱ्या माणसाला त्याने परवा चाळीस मिनिटे उन्हात उभे केले. ह्यांपैकी एकाही कामाचा उल्लेख त्यांच्या नेमणुकीच्या कागदात सापडणार नाही. कागदाप्रमाणे काम करणारा गार्ड अर्जदारास एकच आढळला, आपल्या फाटकावरचे यंत्र. ह्याबद्दल अर्जदारास राग आहे आणि तो अर्जात लिहावा अशी त्याने स्पष्ट सूचना दिली आहे.

११. सबब अर्जदाराच्या मागण्या :

(क) सुब्बा यांचा खुलासा खरा मानून त्यांना दुपारपाळीवर परत घ्यावे.

(ख) ते शक्य नसल्यास फाटकावर अर्जदाराची नेमणूक करावी. वय ७१, गुडघे कामातून गेलेले, एक डोळा नवा, दुसरा ताजा. अनुभव छत्तीस वर्षे. पगार नको. खुर्ची लागेल.

(ग) तेही शक्य नसल्यास निळी खुर्ची होती तेथे ठेवावी आणि यंत्राचा हिरवा दिवा काढून तेथे दुसरा कोणताही रंग लावावा.

(घ) ह्यांपैकी काहीच शक्य नसल्यास आपण स्वतः एकदा दुपारी तीनच्या सुमारास फाटकाशी यावे आणि बाईंना गाडी उशिरा आहे असे सांगावे. त्या आपणास ओळखणार नाहीत, पण ऐकतील.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून, एक डोळा डॉक्टरांच्या परवानगीने,

आपला आज्ञाधारक,
(सही) के. मुरली राव
चेन्नई, दि. ८ डिसेंबर २०२५

सोबत : १) ज्ञापनाची प्रत. २) कु. हरिप्रिया यांनी बाईंच्या पिशवीत ठेवलेली, फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. ३) हिरवे निशाण व लाल निशाण, मूळ, काम झाल्यावर परत मिळावीत.

लिहिणारीचे निवेदन

वरच्या अर्जावर अप्पांची सही झाली आहे आणि ते आता झोपले आहेत. हा भाग त्यांना वाचून दाखवलेला नाही.

परिच्छेद ८ खोटा आहे. लाल निशाण मी धुतले. बाल्कनीतल्या कठड्यावर कावळ्याने घाण केली होती, ती निशाणाला लागली होती. चार दिवसांनी ऊन पडले म्हणून सकाळी ऑफिसला निघण्याच्या घाईत मी काठी काढली, निशाण साबणाने धुतले आणि दोन चिमटे लावून समोरच्या बाल्कनीत वाळत घातले. तिथे लाल काही लावायचे नाही, हे मला ठाऊक होते. त्या क्षणी ते मला निशाण वाटलेच नाही, धुणे वाटले.

दर्शनी बाल्कनीत कपडे वाळत घातल्याबद्दल मला आधीच दोन नोटिसा आहेत. तिसरी निघाली की निवासाचे वाटप रद्द होते, हे परिपत्रकात आहे. घर गेले तर आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, दुसरे फाटक आणि दुसरा रस्ता शिकवता येणार नाही. म्हणून अप्पांनी चूक आपल्या अंगावर घेतली आणि म्हणून मी तीन आठवडे गप्प बसले. ज्ञापनात सुब्बाला खोटारडा म्हटले होते. मी ते वाचून घडी करून कपाटात ठेवले. ह्याची मला लाज वाटते.

मी सरकारी कर्मचारी आहे आणि हे लेखी देत आहे. आपल्या पाहणीत आढळलेले लाल कापड हे तेच निशाण होते. सुब्बांचा खुलासा अक्षरशः खरा आहे. तिसरी नोटीस माझ्या नावे काढावी. ती घेताना मी काहीही सबब सांगणार नाही.

काल रविवारी सुब्बा आत्यांना पाहायला आले होते. यंत्र त्यांना आत घेईना, म्हणून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीशी उभे होते. मी बाहेर जाऊन त्यांना सगळे खरे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, अम्मा, चिमटे मला खालून दिसले होते. ओले निशाण आहे, पाणी गळते आहे, तेही दिसले. मग धावलात कशाला, असे मी विचारले.

म्हणाले, शंका होती ना.

सौ. जयवंती प्राणेश राव
वरिष्ठ लिपिक, निवास क-७